साडेआठशें पौंड आणि एक शिलिंग : आयर्लंडांतील कलाश्रयाचा इतिहास

१

कौटिलीय अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत राजसेवकांच्या वेतनाची जी यादी आहे तींत मंत्री, पुरोहित, सेनापति यांच्यापासून खालीं येतां येतां कुशीलवांचा, म्हणजे नटांचा, उल्लेख येतो. त्यांस अडीचशें पण व तूर्यकरांस त्याच्या दुप्पट असें वेतन तेथें सांगितलें आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांत, नवीं गांवें वसवितांना तेथें करमणुकीचीं गृहें बांधूं नयेत व नट, नर्तक, गायक, वादक यांनीं शेतकऱ्यांच्या कामांत व्यत्यय आणूं नये, असाही दंडक आहे. संस्कृत शिकविण्याच्या आमच्या व्यवसायांत हीं दोन्ही स्थळें आम्हीं अनेकदां वाचलीं. परंतु तीं एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्याचें बराच काळपर्यंत आम्हांस सुचलें नाहीं. तशीं तीं ठेवलीं असतां ध्यानांत येतें कीं, नटास वेतन देणारा आणि नटास गांवाच्या वेशीवर थांबविणारा राजा एकच आहे.

राजाच्या भांडारांतून दिलेलें द्रव्य हें राजाचें औदार्य म्हणून गणलें जाई. पेशव्यांच्या श्रावणमासांतील दक्षिणेचा इतिहास या त्रैमासिकाच्या वाचकांस परिचित आहे. त्यावर त्या काळींही टीका झाली नसेल असें नाहीं, तथापि द्रव्य कोणाचें, हा प्रश्न उपस्थित झाला नाहीं. लोकसत्ताक राज्यांत भांडार लोकांचें, भरणा करांचा, आणि देणारा मंत्री हा केवळ विश्वस्त असतो. अशा राज्यानें नाटक, चित्र, काव्य यांवर खर्च करावा काय, आणि केल्यास देणाऱ्याचा अधिकार कोठपर्यंत पोहोंचतो, हा प्रश्न लहान व गरीब राष्ट्रांत विशेष तीव्रतेनें उभा राहतो. कारण मोठ्या राष्ट्राच्या जमाखर्चांत जी रक्कम दिसतही नाहीं ती लहान राष्ट्राच्या जमाखर्चांत कोणाच्या तरी ताटांतून निघालेली स्पष्ट दिसते. आयर्लंडच्या इतिहासांत हें सर्व थोडक्या वर्षांत व थोडक्या माणसांच्या चरित्रांत घडून आलेलें आहे. म्हणून तेंच उदाहरण येथें घेतलें आहे.

२

आयर्लंडचें राष्ट्रीय नाट्यगृह म्हणून जें पुढें विख्यात झालें तें डबलिन येथील अॅबी नाट्यगृह दिनांक २७ डिसेंबर १९०४ रोजीं उघडलें. त्या वेळीं सर्व आयर्लंड ब्रिटिश सत्तेखालीं होतें. कवि येट्स, लेडी ग्रेगरी व नाटककार सिंग हे त्याचे चालक. परंतु इमारतीस लागलेला पैसा अॅनी हॉर्निमन नांवाच्या एका धनाढ्य इंग्रज बाईंचा होता. नाट्यगृहानें राजकारणांत पडूं नये असा या बाईंचा आग्रह असे. मे १९१० मध्यें बादशहा सातवा एडवर्ड निवर्तला तेव्हां अॅबीचा प्रयोग बंद राहिला नाहीं. बाईंस त्यांत राजकीय हेतु दिसला, तंटा झाला, आणि त्यांचें साहाय्य संपुष्टांत आलें. आश्रयदाता सरकार नसून खाजगी गृहस्थ असला म्हणजे आश्रित मोकळा राहतो, अशी जी समजूत पुष्कळांची असते तिला या प्रसंगानें आधार मिळत नाहीं. अट सरकारचीच असते असें नव्हे. ती देणाऱ्याच्या स्वभावांत असते.

पुढें १९१६ चें बंड, स्वातंत्र्ययुद्ध, १९२१ चा तह, १९२२ मध्यें बेटाच्या सव्वीस परगण्यांचें आयरिश फ्री स्टेट, व लगेच १९२३ पर्यंत यादवी युद्ध, असा क्रम झाला. या धामधुमींतही एक नवल घडलें. ऑगस्ट १९२१ मध्यें बंडखोरांच्या मंत्रिमंडळांत ललितकलांचें एक स्वतंत्र खातें निर्माण होऊन तें काउंट प्लंकेट यांच्याकडे आलें. परंतु जानेवारी १९२२ मध्यें तें खातें नाहींसें झालें. ज्या राज्याचें स्वतःचें अस्तित्व निश्चित नव्हतें त्यानें कलांसाठीं मंत्री नेमावा, आणि अस्तित्व निश्चित होतांच त्यास रजा द्यावी, हें वरवर विपरीत दिसतें. परंतु झगडणाऱ्या राष्ट्रास आपण निराळे आहों हें सिद्ध करावयाचें असतें, व स्थापन झालेल्या राज्यास पूल दुरुस्त करावयाचे असतात, हें लक्षांत घेतल्यास त्यांत नवल राहत नाहीं.

३

१९२६ च्या खानेसुमारींत या नव्या राज्याची लोकसंख्या सुमारें २९ लक्ष ७१ हजार भरली. यादवींत रस्ते, पूल व आगगाड्या यांची मोठी नासधूस झालेली होती. १९२३ पासून अर्थखातें अर्नेस्ट ब्लाइद यांच्याकडे होतें. हे उत्तरेकडील अल्स्टर प्रांतांतले, प्रॉटेस्टंट घराण्यांतले, पण गेलिक भाषेचे कट्टर अभिमानी. खर्चाचीं तोंडें मिळविण्यासाठीं त्यांनीं जे उपाय केले त्यांपैकीं एक आयर्लंडांत अद्याप कोणी विसरलेलें नाहीं. सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांस आठवड्यास दहा शिलिंग निर्वाहवेतन मिळत असे. १९२४ मध्यें त्यांतून एक शिलिंग कमी करण्यांत आला. पुढें कांहीं वर्षांनीं ही कपात मागें घेतली गेली, तथापि ब्लाइद यांच्या नांवास तो शिलिंग जन्मभर चिकटून राहिला.

त्याच १९२४ सालीं येट्स व लेडी ग्रेगरी यांनीं अॅबी नाट्यगृह राष्ट्रास अर्पण करण्याची तयारी सरकारास कळविली. प्रेक्षक कमी, कर्ज वाढतें, नट अर्ध्या वेतनावर, अशी नाट्यगृहाची स्थिति होती. सरकारनें नाट्यगृह ताब्यांत घेतलें नाहीं; परंतु १९२५ मध्यें ब्लाइद यांनीं त्यास साडेआठशें पौंडांचें वार्षिक अनुदान देवविलें. इंग्रजी भाषा चालणाऱ्या देशांत सरकारकडून नियमित अनुदान मिळणारें हें पहिलें नाट्यगृह होय.

शिक्षकाच्या संवयीनें आम्हीं येथें एक साधा त्रैराशिक मांडून पाहिला. साडेआठशें पौंडांचे शिलिंग १७,००० होतात. एका वृद्धाची वर्षाची कपात ५२ शिलिंग. म्हणजे नाट्यगृहाचें एका वर्षाचें अनुदान हें ३२७ वृद्धांच्या कपातीइतकें झालें. एकीकडून काढून तोच पैसा दुसरीकडे दिला असें म्हणणें अर्थात् बरोबर होणार नाहीं. दोन्ही निर्णयांचीं कारणें निराळीं होतीं, आणि कपातीची एकूण रक्कम अनुदानाच्या मानानें फार मोठी होती. परंतु दोन्ही निर्णयांवर सही एकाच मंत्र्याची आहे, आणि मध्यें एकच वर्ष गेलें आहे. ज्या खेड्यांतील म्हातारीनें अॅबी कधीं पाहिलें नाहीं, पाहण्याची शक्यताही नाहीं, तिच्या शिलिंगाच्या शेजारीं हें अनुदान ठेवल्याशिवाय त्याचा न्याय करतां येत नाहीं. कलाश्रयाची स्तुति करणारे लेखक हा शिलिंग वगळतात, व कलाश्रयाची निंदा करणारे दुसरें कांहीं पाहतच नाहींत. आम्ही तो हातांत धरूनच पुढें जाणार आहों.

४

अनुदानाबरोबर सरकारचा एक प्रतिनिधि चालकमंडळावर आला. हे जॉर्ज ओब्रायन नांवाचे अर्थशास्त्रज्ञ होते. थोड्याच दिवसांत शॉन ओकेसी या नाटककाराचें नवें नाटक मंडळापुढें आलें. त्याचें नांव ‘द प्लाउ अँड द स्टार्स’, म्हणजे नांगर आणि तारे. विषय १९१६ च्या बंडाचा. परंतु बंडाचे वीर त्यांत दूरच राहतात, आणि पुढें दिसतात तीं डबलिनच्या दरिद्री चाळींतलीं माणसें. त्यांच्या तोंडीं शिव्या आहेत, भय आहे, लूट आहे; एका अंकांत दारूच्या गुत्त्यांत वेश्या येते व त्याच गुत्त्यांत बंडवाल्यांचे ध्वजही येतात. ओब्रायन यांनीं भाषेवर, वेश्येच्या पात्रावर व कांहीं प्रसंगांवर आक्षेप घेतला. सरकारचें अनुदान धोक्यांत येऊं नये हें पाहणें आपलें कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. आणि ती दुष्ट बुद्धीची नव्हती हें मान्य केलें पाहिजे.

येट्स व लेडी ग्रेगरी यांनीं उत्तर दिलें तें असें कीं, नाट्यदृष्ट्या कांहीं अनावश्यक असेल तर तें गाळूं. परंतु नाट्याशीं ज्या कारणाचा संबंध नाहीं त्या कारणासाठीं गाळणें आमच्या परंपरेस सोडून होईल. अनुदान आणि स्वातंत्र्य यांतून एकच मिळावयाचें असेल तर आम्ही स्वातंत्र्य घेऊं, हें लेडी ग्रेगरी यांनीं स्पष्ट केलें. एक गीत गाळलें गेलें, थोडेसे शब्द बदलले. वेश्या राहिली, गुत्ता राहिला, ध्वज राहिले.

दिनांक ८ फेब्रुवारी १९२६ रोजीं पहिला प्रयोग झाला. त्याच आठवड्यांत, ११ तारखेस, प्रेक्षागृहांत दंगा झाला. दंगा करणारांत १९१६ च्या हुतात्म्यांच्या घरच्या स्त्रियाही होत्या. यांचें दुःख खोटें नव्हतें. दहा वर्षांपूर्वीं ज्यांनीं घरचा माणूस गमावला त्यांस त्या बलिदानाजवळ गुत्ता पाहवेना, हें स्वाभाविक होय. येट्स यांनीं रंगमंचावर येऊन प्रेक्षकांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली, आणि प्रयोग पोलिसांच्या बंदोबस्तांत चालू राहिले.

येथें सरकारनें काय केलें नाहीं हें इतिहासकारानें टिपून ठेवावें. मंत्रिमंडळांतील पुष्कळजण स्वतः त्या बंडाचे सैनिक किंवा त्यांचे सहकारी होते. नाटकानें दुखावण्याचा पहिला हक्क त्यांचा होता. त्यांनीं प्रयोग बंद केला नाहीं व अनुदानही काढून घेतलें नाहीं. उलट पुढें तें वाढून एक हजार पौंड झालें. आमच्या मतें त्या साडेआठशें पौंडांची किंमत त्या आठवड्यांत वसूल झाली. नाट्यगृह त्या पैशावर तगलें म्हणून नव्हे, तर पैसे देणाऱ्यास न रुचणारें नाटक त्याच पैशावर उभें राहूं शकतें, हें तीस लक्षांच्या त्या राष्ट्रानें स्वतःस दाखवून दिलें म्हणून.

५

हेंच तत्त्व दुसऱ्या एका कामांत, नाण्यांच्या बाबतींत, आणखी स्वच्छ दिसतें. नव्या राज्याचीं स्वतःचीं नाणीं पाडावयाचीं ठरलीं तेव्हां ब्लाइद यांच्या अर्थखात्यानें १९२६ मध्यें एक समिति नेमली व अध्यक्षपद येट्स यांस दिलें. ते तेव्हां सिनेटचे सभासद होते. सरकारनें सांगितलेल्या गोष्टी मोजक्या होत्या : एका बाजूस वीणेसारखें हार्प हें राष्ट्रीय वाद्य असावें, अक्षरें आयरिश भाषेंत असावीं, आणि अर्वाचीन काळांतील कोणाही व्यक्तीची मुद्रा नसावी. बाकीचें समितीनें ठरविलें. तिनें दुसऱ्या बाजूसाठीं देशाचे पशुपक्षी निवडले : अर्ध्या क्राउनवर घोडा, फ्लोरिनवर सामन मासा, शिलिंगावर बैल, सहा पेन्सवर शिकारी कुत्रा, तीन पेन्सवर ससा, पेनीवर पिलांसह कोंबडी, अर्ध्या पेनीवर पिलांसह डुकरीण, व फार्दिंगवर वुडकॉक पक्षी. पर्सी मेटकाफ या इंग्रज शिल्पकाराच्या आकृति पसंत पडल्या. शेतकी खात्यानें कांहीं जनावरांच्या अंगयष्टींत सुधारणा सुचविल्या व त्या झाल्याही. बैल कसा असतो हें सांगण्याचा अधिकार शेतकी खात्यास आहे हें कोणीही मान्य करील. डिसेंबर १९२८ मध्यें नाणीं बाहेर पडलीं. त्यांवर धार्मिक चिन्ह नाहीं म्हणून कांहींनीं ओरड केली, पण आज त्या मालिकेची गणना जगांतील सुंदर नाण्यांत होते.

म्हातारीच्या निर्वाहवेतनांतला शिलिंग आणि हा बैलाचा शिलिंग यांचा योग आम्ही ओढूनताणून आणीत नाहीं. परंतु ज्या अर्थमंत्र्यानें एक कमी केला त्याच्याच खात्यानें दुसरा सुंदर केला, आणि हा दुसरा डबलिनच्या नाट्यगृहांत न जातां कोनेमाराच्या झोंपडींतही गेला, एवढें नमूद करणें प्राप्त आहे. गरिबाच्या हातापर्यंत पोहोंचणारी कला निर्माण करणें सरकारास अशक्य नाहीं.

६

तिसरें उदाहरण आम्हांस, आयुष्य शाळेंत घालविल्यामुळें असेल, सर्वांत प्रिय आहे. १९३५ मध्यें दे व्हलेरा यांच्या सरकारनें लोकविद्येच्या संग्रहासाठीं आयरिश फोकलोर कमिशन स्थापिलें. जेम्स डेलार्गी हे त्याचे संचालक. गेलिक बोलणारे म्हातारे एकामागून एक मरत होते, व प्रत्येकाबरोबर कथांचें एक भांडार मातींत जात होतें. कमिशनचे संग्राहक सायकलीवर ध्वनिलेखनाचें यंत्र बांधून डोंगराळ मुलुखांत हिंडत. मेणाच्या नळीवर कथा उतरवून घ्यावयाची, ती ऐकून कागदावर लिहावयाची, आणि मग मेण तासून तीच नळी पुन्हां वापरावयाची, असा काटकसरीचा क्रम होता. त्यामुळें पुष्कळ आवाज गेले, शब्द मात्र राहिले.

१९३७ मध्यें या कमिशननें शिक्षणखातें व प्राथमिक शिक्षकांची संघटना यांच्या साहाय्यानें एक योजना काढली. शॉन ओ सूलिवान यांनीं विषयांची एक पुस्तिका तयार केली : गांवच्या विहिरी, वनस्पतींचीं औषधें, भुतांच्या गोष्टी, दुष्काळाच्या आठवणी, लोहाराचें काम, म्हणी, खेळ. निबंधाच्या तासाऐवजीं अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनीं घरच्या व शेजारच्या वृद्धांस विचारून हें लिहून आणावें, आणि त्यांतील निवडक लेखन शाळेच्या मोठ्या वहींत उतरून घ्यावें, असें ठरलें. सुमारें ५,००० शाळांतील ५०,००० हून अधिक मुलांनीं १९३९ पर्यंत सुमारें ७,४०,००० पृष्ठें जमविलीं. कमिशन १९७१ मध्यें डबलिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत विलीन झालें. त्याचा संग्रह २०१७ मध्यें युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदवहींत दाखल झाला.

मुलें ज्यांच्यापुढें वही घेऊन बसलीं ते वृद्ध कोण होते, याचा विचार केल्यावर आमच्या मनांत तो शिलिंग पुन्हां आला. सत्तरी उलटलेले, खेड्यांतले, गरीब. तेरा वर्षांपूर्वीं ज्यांच्या पदरांतून शिलिंग गेला त्यांपैकीं जे जिवंत होते ते त्यांत होते. १९२४ मध्यें राज्यास ते केवळ खर्चाची एक बाब वाटले; १९३७ मध्यें त्याच राज्यानें त्यांच्याकडे मुलें पाठविलीं आणि तुम्हांस जें ठाऊक आहे तें आम्हांस द्या अशी विनंति केली. राष्ट्राच्या संस्कृतीवर होणारा खर्च म्हणजे गरिबाकडून घेऊन सुशिक्षितास देणें, असें नेहमींच असत नाहीं. क्वचित् तो गरिबाजवळ जें आहे त्याची किंमत ओळखण्याचा प्रकार असतो. आणि या कामांतही सरकारनें विषय सुचविले. उत्तरें सुचविलीं नाहींत.

७

आतां दुसरी बाजू. १९२९ मध्यें त्याच राज्यानें ग्रंथनियंत्रणाचा कायदा केला. पांच सभासदांचें एक मंडळ अश्लील ठरवील त्या पुस्तकाची विक्री बंद होऊं लागली, आणि थोड्याच वर्षांत आयर्लंडचे बहुतेक प्रमुख कथालेखक त्या यादींत जाऊन बसले. शॉन ओफेलन यांचा पहिला कथासंग्रह १९३२ मध्यें बंद झाला. ब्रायन मेरिमन या अठराव्या शतकांतील कवीचें मध्यरात्रींच्या न्यायसभेचें दीर्घकाव्य मूळ आयरिश भाषेंत खुलें होतें. फ्रँक ओकॉनर यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९४६ मध्यें बंद झालें. ज्या भाषेच्या उद्धारासाठीं सरकार पैसा ओतीत होतें त्या भाषेंतलें काव्य त्या भाषेंत कोणी वाचीत नाहीं, अशी ही नकळत दिलेली कबुली होती.

परंतु सर्वांत बोधप्रद गोष्ट कॉर्क परगण्यांतील गूगन बारा येथील एका वृद्ध शिंप्याची आहे. हा उत्कृष्ट कथेकरी. कमिशनच्या संग्राहकानें त्याच्याकडून आयरिश भाषेंतील कथा व आठवणी उतरून घेतल्या. त्यांचा ग्रंथ पुढें १९७८ मध्यें प्रसिद्ध झाला. याच शिंप्याच्या व त्याच्या पत्नीच्या इंग्रजी संभाषणांचें पुस्तक एरिक क्रॉस यांनीं १९४२ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि तें त्याच वर्षीं अश्लील म्हणून बंद झालें. सिनेटमध्यें त्यावर अनेक दिवस वाद झाला. पुस्तकांतील जे उतारे सर जॉन कीन यांनीं सभागृहांत वाचून दाखविले ते अधिकृत वृत्तांतांतून गाळण्यांत आले. धर्मोपदेशकांनीं घरीं येऊन त्या म्हाताऱ्यास स्वतःच्या चुलींत तें पुस्तक जाळावयास लावलें. १९४६ मध्यें बंदी उठली; परंतु तो १९४५ मध्येंच निवर्तला होता.

एकाच माणसाच्या तोंडचे शब्द राज्यानें एका हातानें खर्च करून जतन केले आणि दुसऱ्या हातानें बंद केले. अर्थशास्त्रांतील त्या दोन स्थळांचें स्मरण वाचकांस येथें झाल्यावांचून राहणार नाहीं.

८

अॅबीचेंही पुढें तसेंच झालें, परंतु निराळ्या रीतीनें. १९३३ मध्यें दे व्हलेरा यांच्या सरकारनें, अमेरिकेंतील आयरिश लोकांच्या तक्रारीवरून, तिकडील दौऱ्यांत कांहीं नाटकें होऊं नयेत अशी इच्छा दर्शविली. त्यांत ओकेसीचें तें नाटकही होतें. येट्स यांनीं पुन्हां नकार दिला. परंतु येट्स १९३९ मध्यें निवर्तले, आणि १९४१ मध्यें नाट्यगृहाचे व्यवस्थापकीय संचालक झाले ते अर्नेस्ट ब्लाइद. ज्यांनीं मंत्री असतांना नाट्यगृहास मोकळें सोडलें त्यांनीं संचालक होऊन त्यावर आपली आवड बसविली. नव्या नटास आयरिश भाषा आली पाहिजे असा दंडक झाला. नाटकांची निवड सावध व ठराविक होत गेली. नोव्हेंबर १९४७ मध्यें व्हॅलेंटिन आयरमंगर या कवीनें प्रेक्षागृहांत उठून नाट्यगृहाच्या अधोगतीचा जाहीर निषेध केला व तो बाहेर निघून गेला. त्या रात्रीं चाललेलें नाटक तेंच, नांगर आणि तारे. १९२६ मध्यें तें नाटक फार धीट म्हणून दंगा झाला. १९४७ मध्यें त्याचाच प्रयोग निर्जीव झाला म्हणून निषेध झाला. दिनांक १८ जुलै १९५१ रोजीं त्याच नाटकाच्या प्रयोगानंतर रात्रीं नाट्यगृहास आग लागली. नवी इमारत सरकारी साहाय्यानें बरोबर पंधरा वर्षांनीं, १८ जुलै १९६६ रोजीं उघडली. ब्लाइद १९६७ पर्यंत अधिकारावर होते.

यावरून ब्लाइद यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. गॉलवे येथें १९२८ मध्यें उघडलेलें आयरिश भाषेचें नाट्यगृह त्यांच्या साहाय्यावांचून झालें नसतें. परंतु देणारा दारापर्यंत येऊन थांबला तेव्हां जें साधलें तें देणारा आंत येऊन बसल्यावर साधलें नाहीं, ही वस्तुस्थिति त्यांच्याच चरित्रांत नोंदलेली आहे.

आगीच्या थोडे अगोदर, १९५१ च्या मे महिन्यांत, पंतप्रधान कॉस्टेलो यांच्या कारकीर्दींत कलांचा कायदा झाला. त्यापूर्वीं १९४९ मध्यें थॉमस बॉडकिन यांनीं दिलेल्या अहवालांत पश्चिम युरोपांत कलांची एवढी हेळसांड दुसरा कोणताही देश करीत नाहीं असा ठपका होता. कायद्यानें आर्ट्स कौन्सिल हें मंडळ स्थापिलें. पैसा सरकारचा, वांटप मंडळाचें, अशी ही व्यवस्था. १९२६ मध्यें दोन हट्टी माणसांनीं जें अंतर राखलें होतें तेंच आतां कायद्यानें आंखून दिलें. डिसेंबर १९५६ मध्यें या मंडळाचे प्रमुख म्हणून ज्यांची नेमणूक झाली ते शॉन ओफेलन, ज्यांचें पुस्तक त्याच राज्यानें चोवीस वर्षांपूर्वीं बंद केलें होतें.

९

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १९६९ च्या अर्थविषयक कायद्यानें लेखक, चित्रकार, संगीतकार यांच्या कृतींवरील उत्पन्नास प्राप्तिकराची सूट मिळाली; परंतु कृति मौलिक व कलागुणयुक्त आहे कीं नाहीं हें ठरविण्याचें काम कर घेणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आलें. १९८१ मध्यें आर्ट्स कौन्सिलनें अॅसदाना नांवाची कलावंतांची सभा स्थापिली. तिचे सभासद कलावंतच निवडतात, व त्यांतील अल्प उत्पन्नाच्या सभासदांस वार्षिक वेतन मिळूं शकतें. २०२२ मध्यें एक नवाच प्रयोग झाला. २,००० कलावंतांस आठवड्यास ३२५ युरो, तीन वर्षेंपर्यंत, कोणतीही कृति न मागतां देण्याचें ठरलें, आणि पात्र अर्जदारांतून निवड चिठ्ठ्या टाकाव्या तशी यदृच्छेनें केली. देणाऱ्याच्या हातांतून निवडीचा अधिकार काढून घेण्याचा याहून पूर्ण उपाय कल्पितां येत नाहीं. आम्हांस त्यांत थोडी उणीवही दिसते, कारण यदृच्छा पक्षपात करीत नाहीं हें खरें, पण ती पारखही करीत नाहीं. तथापि शंभर वर्षांच्या अनुभवानंतर एक लहान राष्ट्र आपल्याच हाताविषयीं इतकें सावध झालें, याची नोंद घेतली पाहिजे.

१०

आमचें आयुष्य सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेंत गेलें. वर्षाकाठीं तपासनीस येत. हजेरीपट पाहत, जमाखर्च पाहत, गळकें छप्पर पाहून शेरा लिहीत. त्यांचा आम्हांस कधीं जाच वाटला नाहीं. लोकांचा पैसा होता, तो कोठें गेला हें विचारणें त्यांचें कर्तव्यच होतें. एकदां मात्र एका तपासनिसानें शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकांतील कोणते श्लोक वर्गांत वाचूं नयेत याची यादी करून दिली. ते श्लोक आम्हीं त्या वर्षीं वगळले. आज चाळीस वर्षांनीं त्याची लाज वाटते. अनुदान गेलें असतें तर काय, हें भय आम्हांस होतें, आणि ते विद्यार्थी तें नाटक तेवढें खंडितच घेऊन गेले. लेडी ग्रेगरी यांचें उत्तर वाचल्यावर आपण काय करावयास हवें होतें तें आम्हांस कळलें, परंतु फार उशिरां.

म्हणून शेवटीं त्या शिलिंगाकडे येतों. गरिबाचा पैसा आहे, म्हणून सरकारनें तो देतांना आपणांस रुचेल तेंच मागावें, असा युक्तिवाद आयर्लंडांत झाला व अन्यत्रही होतो. आम्हांस त्याच आधारावरून उलट निष्कर्ष निघतो असें वाटतें. पैसा मंत्र्याचा असता तर त्यानें स्वतःच्या आवडीची वस्तु विकत घेण्यास कोणाची हरकत नव्हती; हॉर्निमन बाईंस तो अधिकार होता. पण शिलिंग म्हातारीचा आहे, आणि म्हातारीच्या शिलिंगानें मंत्र्याची आवड विकत घेतां येत नाहीं. त्यानें हिशेब मागावा, काम झालें कीं नाहीं हें पाहावें, आणि तेथेंच थांबावें. घेणाऱ्यावरही त्या शिलिंगाचें ऋण आहे : जें खरें दिसतें तें भीडमुर्वत न ठेवतां दाखवावें, आणि जें निर्माण होईल तें त्या झोंपडीपर्यंत कधीं तरी पोहोंचावें. १९२६ च्या नाटकानें पहिलें ऋण फेडलें, १९२८ च्या नाण्यांनीं व १९३७ च्या वह्यांनीं दुसरें. आयर्लंडच्या कलाश्रयाच्या इतिहासांत अभिमानानें सांगण्यासारखें जें आहे तें मुख्यतः या तीन प्रसंगांत आहे, आणि तिन्ही प्रसंगीं देणाऱ्याचा हात वेळीं आंखडला होता.

इति अलम्.